लख्खनानांनी घासलेले खिळे

शाळेच्या प्रयोगशाळेत चौदा नळ होते आणि चौदाही नळांत तोंड पाहून भांग पाडता येत असे. ही करामत लख्खनानांची. हजेरीपटावर त्यांचं दुसरं काही नाव असणार, पण ते कारकुनाखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. पदाने ते प्रयोगशाळा परिचर. म्हणजे बाईंनी शिकवायचं, आणि यांनी त्याआधी सामान मांडायचं, नंतर धुऊनपुसून जागच्या जागी ठेवायचं. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं.

आता साफसफाई सगळेच करतात. नानांचं तसं नव्हतं. त्यांच्या खिशात रुमाल असो नसो, पॉलिश पेपरचा तुकडा हमखास असायचा. बोलता बोलता ते दाराची कडी घासायला लागत. काही गंजलं, काळवंडलं की आधी पातळ आम्लात बुडवायचं, मग पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं, असा त्यांचा ठरलेला क्रम होता. एकदा त्या भरात त्यांनी एका मोजपात्रावरच्या रेघाच घासून काढल्या. ते मोजपात्र तेव्हापासून मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या टेबलावर फुलदाणी म्हणून आहे. कोणी पाहुणा आला की मोठ्या बाई ती गोष्ट सांगतात, आणि नाना चहाचा ट्रे धरून बाजूला उभे राहून मान खाली घालून हसतात.

शाळा म्हणाल तर नानांची सातवीत सुटली ती सुटलीच. पण सामान ठेवायच्या खोलीला प्रयोगशाळेत उघडणारी एक खिडकी होती, वस्तू हातोहात द्यायला. त्या खिडकीमागे स्टुलावर बसून नानांनी आठवीचं विज्ञान अठ्ठावीस वेळा ऐकलं होतं. कुठल्या वाक्यानंतर बाई परीक्षानळी मागणार हे त्यांना पाठ होतं. त्यांचा हात आधीच खिडकीतून बाहेर आलेला असे. मात्र कोणी कौतुक केलं की ते म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं? मी आपला धुणारा माणूस."

नानांना एकच मुलगी. ती मात्र शिकली, विज्ञानाची पदवी घेतली, शिक्षिकेचं शिक्षण पुरं केलं, आणि मग तीन वर्षं तीन शाळांत हंगामी म्हणून राबली. दर वर्षी परीक्षा आटोपल्या की "पुढच्या वर्षी कळवू" म्हणून तिला घरी पाठवायचे, आणि पुढच्या वर्षी कोणी कळवत नसे. तिसऱ्या खेपेला ती घरी आली, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि आईला म्हणाली, "आणखी एकदा असं झालं ना, तर मी शिकवणं सोडून देईन." ती चिडून म्हणाली असती तर नानांना काही वाटलं नसतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून त्यांनी धसका घेतला.

आणि त्याच उन्हाळ्यात नानांच्या शाळेतल्या विज्ञानाच्या जुन्या बाई निवृत्त झाल्या. जागा कायमची होती. अर्ज आले, त्यांतून तिघींना बोलावलं, आणि त्या तिघींत नानांची मुलगी होती. शाळा उघडली की प्रत्येकीने आठवीच्या वर्गावर परीक्षकांसमोर एक पाठ घ्यायचा, त्यावर निवड. मुलीच्या वाट्याला विषय आला विद्युतघट. तिने ठरवलं, फळं आणि भाज्यांपासून घट करून दाखवायचे, वर्गातल्या मुलींनीच करायचे आणि दिवाही त्यांनीच लावायचा.

मोठ्या बाईंनी आदल्या दिवशी नानांना खोलीत बोलावलं. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण नियमाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

"नाना, तिघींचं सामान तुम्हीच मांडायचं, ते तुमचं काम आहे. पण उद्या मुलीचा पाठ चालू असताना तुम्ही वर्गात पाऊल टाकायचं नाही. ती खिडकीही बंद. उद्या कोणी म्हणायला नको की बापाने आतून मदत केली."

"बरोबर आहे बाई," नाना म्हणाले.

"बाहेर व्हरांड्यात बसा."

"बसतो."

घरी मुलीनेही तेच बजावलं होतं. "नाना, शाळेत मी तुम्हाला नाना म्हणणार नाही, आणि तुम्ही मला पोरी म्हणायचं नाही. यादीप्रमाणे सामान मांडा, बस. जास्तीचं काही करू नका."

"मी कशाला काही करतोय?" नाना म्हणाले, आणि त्यांना ते अगदी खरं वाटत होतं.

घरच्या ओट्यावर तिने चारदा प्रयोग करून पाहिला होता. एका लिंबात एक खिळा आणि एक तांब्याची पट्टी, अशी चार लिंबं तारेने जोडली की मोहरीएवढा लाल दिवा लागायचा. बटाट्यांवरही लागायचा, टोमॅटोंवरही. एवढंच नव्हे, बिचाऱ्या काकडीवरही लागला. आईला त्याचं कौतुक होतं, पण लिंबं फुकट जातात याची हळहळ जास्त. तिने ती पिळायला घेतली तेव्हा मुलगी ओरडलीच, "आई, टाक ती. खिळ्यांवरचं जस्त उतरलंय त्यांच्यात. जस्त झिजतं म्हणूनच तर वीज मिळते." आईने कपाळाला हात लावला. नाना तेव्हा दाढी करत होते. ऐकलं त्यांनी, पण त्यांचंही लक्ष लिंबांकडेच होतं.

पाठाच्या दिवशी नाना सातलाच शाळेत हजर. सहा बाकं पुसली, बाकावर पांढरे ट्रे मांडले, दोन ट्रेमध्ये लिंबं, दोनमध्ये बटाटे, एकात टोमॅटो, एकात काकडी. तांब्याच्या पट्ट्या घासून अशा केल्या की डोळे दिपावेत. मग त्यांनी मुलीने ठेवलेली खिळ्यांची पुडी सोडली. चोवीस खिळे. राखाडी, निस्तेज, वर पांढुरकी पुटं धरलेले.

नानांचा चेहरा पडला. पोरीच्या आयुष्याचा दिवस आणि असले कळकट खिळे? परीक्षक बघतील तर काय म्हणतील? बापाला चोवीस खिळे पुसता आले नाहीत? यादीत तिने नुसतं लिहिलं होतं, "खिळे, चोवीस". कसले खिळे ते काही लिहिलं नव्हतं. नानांनी घड्याळाकडे पाहिलं. भरपूर वेळ होता.

त्यांनी खिळे काचपात्रात घातले आणि वर पातळ आम्ल ओतलं. खिळे फसफसले. बुडबुड्यांनी पात्र भरून आलं. "बघ, किती मळ होता," नाना स्वतःशीच म्हणाले. थोड्या वेळाने फसफस थांबली. मग खिळे पाण्यात खळबळून, एकेक चिमटीत धरून, पॉलिश पेपरने टोकापर्यंत घासला. नऊ वाजता चोवीस खिळे ट्रेमध्ये ओळीने पडले होते, आणि एवढे देखणे खिळे कुठल्या दुकानातही मिळाले नसते. नाना दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी मान डोलावली. सांगून ठेवतो, माणूस इतका खूश झाला की समजावं, कुठेतरी काहीतरी बिघडलेलं आहे.

मुलगी आली तेव्हा परीक्षक येऊन बसलेसुद्धा होते. मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी बाहेरून बोलावलेले जाड चष्म्याचे एक म्हातारे गृहस्थ, आणि वही घेतलेली आणखी एक बाई. सामान बघायला तिला मिनिटभरही मिळालं नाही. घंटा झाली, दार बंद झालं, आणि नाना व्हरांड्यात स्टुलावर बसले.

दाराला वरच्या भागात काच होती. नाना उंचीला बेताचे. टाचा उंचावल्या तर आतलं दिसायचं, टाचा दुखल्या की पुन्हा खाली बसायचं, असं त्यांचं चाललं होतं. आवाज मात्र स्वच्छ येत होता.

पोरगी छान बोलत होती. "दोन वेगळे धातू आणि मध्ये आंबट रस, एवढं असलं की घट झाला. आता तुमच्या बाकावरचे चार घट एकापुढे एक जोडा." आत कुजबुज, हसू, कोणाच्या तरी हातून बटाटा घरंगळला. नाना गालातल्या गालात हसले. मग ती म्हणाली, "जोडलं? दिवा लागला का?"

"नाही बाई."

"तारा घट्ट आहेत का बघा."

"घट्ट आहेत."

"दिव्याच्या पायांची अदलाबदल करून बघा."

"केली बाई. नाही लागत."

दुसऱ्या बाकावर नाही, तिसऱ्यावर नाही. काकडीवाल्या मुलींनी तर आधीच माना टाकल्या होत्या. नाना चवड्यांवर उभे राहिले. मुलीने एका लिंबाला व्होल्टमीटर लावला होता. घरी काटा जवळजवळ एकापर्यंत जायचा. आता तो निम्म्यालाही पोचला नव्हता. तिने लिंबातला खिळा उपसला, बोटांत फिरवला आणि उजेडात धरला. मग तिने दाराकडे पाहिलं.

तेवढ्यानेच नानांना कळलं की तिला कळलं. खिळा असा चमकवणारा माणूस या गावात एकच होता, आणि तो चवड्यांवर उभा राहून काचेतून बघत होता.

"सामान आधी तपासलं होतं का तुम्ही?" जाड चष्मेवाल्यांनी विचारलं.

आता खरं सांगायला तिला कोणाची आडकाठी होती? सामान मांडणं हे परिचराचं काम. "खिळे परिचरांनी घासले, मला न विचारता," एवढं एक वाक्य पुरे होतं. नाना काचेला नाक टेकवून उभे होते. खरं तर त्यांची मनापासून इच्छा होती की तिने ते वाक्य बोलावं.

"नाही सर," मुलगी म्हणाली. "तपासायला हवं होतं. चूक माझी आहे."

वहीवाल्या बाईने वहीत काहीतरी लिहिलं.

नानांच्या टाचा खाली आल्या. ते स्टुलावर बसले आणि आपल्याच हातांकडे बघत राहिले. स्वच्छ खिळा वाईट कसा? अठ्ठावीस वर्षांत धुतल्याने काही बिघडलं होतं का? बरं, ते मोजपात्र सोडा. मग डोकं हळूहळू चालायला लागलं. खिळे फसफसले होते. मळ कधी असा फसफसतो का? आम्लात अशी फसफस त्यांनी आणखी कुठे पाहिली होती? दर वर्षी पाहिली होती. जुन्या बाई परीक्षानळीत जस्ताचे खडे घालायच्या, वरून आम्ल ओतायच्या, की अगदी असेच बुडबुडे. आणि जस्त संपलं की फसफस संपायची. जुन्या बाई दर वर्षी हेही सांगायच्या की लोखंडी बादलीला जस्ताचा थर देतात, म्हणून ती गंजत नाही. आणि पोरगी ओट्यापाशी काय ओरडली होती? जस्त झिजतं म्हणूनच वीज मिळते.

म्हणजे ते राखाडी काही मळ नव्हतं. तेच तर जस्त होतं. बापाने लेकीच्या प्रयोगातला जीवच आम्लात धुऊन काढला होता.

रडत बसायला वेळ नव्हता. नाना उठले आणि सामानाच्या खोलीत शिरले. जस्ताचे खडे बाटलीत होते, पण वाटाण्याएवढे. त्यांना ना तार बांधता आली असती, ना लिंबात रोवून टोक वर राहिलं असतं. मग काय? जस्त लावलेलं दुसरं काय आहे? त्यांची नजर कपाटांवरून फिरली. सगळं लख्ख. नानांना आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या लख्खपणाचा राग आला. जिकडे बघावं तिकडे घासलेलं.

फक्त कोपऱ्यातली बादली तेवढी तशीच होती. जुनी पत्र्याची बादली, तिच्यात ते वापरलेले पॉलिश पेपर आणि कळकट फडकी टाकायचे. कचऱ्याची बादली कोण घासतं? बाहेरच्या अंगाला तिच्यावर अजून जस्ताची राखाडी फुलं शाबूत होती. नानांनी ती फडक्यांसकट पालथी केली, पत्रा कापायची कात्री घेतली आणि वरचा काठ तोडून बोटाएवढ्या चार पट्ट्या कापल्या. अंगठ्याला एक चीर पडली. तो त्यांनी तोंडात धरला आणि दाराशी आले.

दाराशी मात्र पाय अडले. आत जायची मनाई होती. गेलं तर मोठ्या बाई म्हणतील, शेवटी बाप आत आलाच, आणि पोरीचा पाठ तिथेच बाद होईल. न गेलं तर तो बाद झालेलाच होता. आत मुलगी मुलींना सांगत होती, "प्रयोग फसला की आधी काय बदललं ते शोधायचं." तिचा आवाज जरासा कापला. बाहेरच्या कोणाला तो कळलाही नसता. नानांनी दार ढकललं.

"नाना, तुम्हाला काय सांगितलं होतं?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"सांगितलं होतं बाई. मी ऐकलं नाही." नाना दारातच उभे होते. "चूक यांची नाही. खिळे सकाळी मी आम्लात धुतले. यांना विचारलं नाही, यांना माहीतही नव्हतं. खिळ्यांवर जस्त होतं, ते मी धुऊन टाकलं. या बादलीच्या पट्ट्या आहेत, यांच्यावर जस्त आहे. एवढं सांगायचं होतं. जातो मी."

"थांबा," जाड चष्मेवाले म्हणाले. "आणलंय तर राहू द्या. बघू, पाठ घेणाऱ्या बाई त्याचं काय करतात."

मुलीने पट्ट्या हातात घेतल्या. बापाच्या अंगठ्याकडे तिचं लक्ष गेलं. मग ती वर्गाकडे वळली. "आपण शोधत होतो ना, काय बदललं? यांनी ते शोधलंय. कसं शोधलंत, ते मुलींना सांगाल का? इकडे, फळ्याजवळ या."

नाना रोज फळ्याजवळ जायचे, पण डस्टर घेऊन. रिकाम्या हातांनी तिथे उभं राहणं फार अवघड असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. छत्तीस मुली त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी खिशातल्या पॉलिश पेपरवर हात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. खिळे कसे फसफसले, आपल्याला तो मळ कसा वाटला, आपण कसे खूश झालो. मोजपात्राची गोष्टही त्यांनी मध्येच सांगून टाकली, आणि सगळा वर्ग हसला. मोठ्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला.

"फसफस थांबली, तेव्हा काय झालं असेल?" मुलीने वर्गाला विचारलं.

"जस्त संपलं," पहिल्या बाकावरून उत्तर आलं.

"मग खाली काय उरलं?"

"लोखंड. नुसतं लोखंड."

"म्हणजे लोखंड आणि तांबं यांच्यातही वीज तयार होते, पण कमी. दिव्याला ती पुरली नाही. आता जस्ताने बघू." तिने चार लिंबांत चार पट्ट्या रोवल्या. व्होल्टमीटरचा काटा हलला आणि एकाच्या जरा अलीकडे जाऊन थांबला. तिने दिवा जोडला. काही दिसेना. नानांचा जीव टांगणीला लागला.

"बाहेरचा उजेड फार आहे," मुलगी म्हणाली. "खिडक्या लावा. आणि दिव्याभोवती ओंजळ धरा."

खिडक्या लागल्या. बाकाशी बसलेल्या एका विद्यार्थिनीने ओंजळ केली, वाकून आत पाहिलं आणि हळूच म्हणाली, "लागलाय."

मग काय विचारता. सगळा वर्ग त्या एका बाकावर लोटला. मोठ्या बाईसुद्धा उठल्या. जाड चष्मेवाल्यांनी चष्मा काढून ओंजळीत डोकावून पाहिलं आणि "अगदी लाल आहे हो," असं म्हणाले. त्याच चार पट्ट्या बाकाबाकावर फिरल्या; दिवा बटाट्यांवर लागला, टोमॅटोंवर लागला, आणि घंटा व्हायच्या आत काकडीवाल्या मुलींनीही आपला दिवा लावून दाखवला. नाना भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा जीव भांड्यात पडला तो असा की आपल्याला बसायला स्टूल हवंय, हे सांगण्याचीही त्यांना शुद्ध नव्हती.

उरलेल्या दोघींचे पाठ दुपारपर्यंत चालले. नानांनी त्यांचंही सामान मांडलं, यादीप्रमाणे, आणि कशालाही पॉलिश पेपर लावला नाही. चारच्या सुमाराला मोठ्या बाईंनी बाप-लेकीला एकदमच खोलीत बोलावलं. टेबलावर मोजपात्राच्या फुलदाणीशेजारी दोन कागद होते.

"त्या म्हाताऱ्या सरांचं म्हणणं पडलं," बाई म्हणाल्या, "की नीट पार पडलेला पाठ कोणीही घेतो. फसलेला पाठ उभा करणारी ही एकच निघाली." त्यांनी पहिला कागद मुलीपुढे सरकवला. "सोमवारपासून या."

मुलीने कागद दोनदा वाचला. मग ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. नाना तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवावा, तर ही शाळा. त्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. तेव्हा त्यांनी हात ठेवला.

"आणि हा तुमचा," जरा वेळाने बाईंनी दुसरा कागद पुढे केला. "ताकीद. मनाई असताना वर्गात प्रवेश केला म्हणून. लेखी द्यावीच लागेल नाना, उद्या कोणी विचारलं तर उत्तर हवं. शिवाय शाळेची एक बादली कापलीत, तीही त्यात लिहिली आहे."

नानांनी सही केली. आयुष्यात कुठल्या कागदावर त्यांनी इतक्या आनंदाने सही केली नसेल.

घरी आईने दोन्ही कागद मुलीकडून स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचून घेतले. पहिल्यावर तिने डोळे पुसले. दुसरा ऐकून ती बावरली. "अहो, हे काय हो? अठ्ठावीस वर्षांत तुमच्यावर एक डाग नाही, आणि आज हे?"

"राहू दे," नाना म्हणाले. अंगठ्याला पट्टी होती, त्यामुळे कागद त्यांनी चार बोटांनीच धरला होता. "अठ्ठावीस वर्षं वर्गाबाहेर बसून शिकलो, त्याचा कागद मला कोणी दिला नाही. आज एकदा आत गेलो, तर लगेच मिळाला. सही-शिक्क्याचा आहे. जपून ठेव."

मुलीने तो त्यांच्या हातून घेतला, आपल्या नेमणुकीच्या कागदाला टाचणी लावून जोडला आणि आपल्या पदव्यांच्या फायलीत घातला. टाचणी जरा काळवंडलेली होती. नानांनी ती बघितली, खिशाकडे हात नेला, आणि मग तसाच परत आणला.